ट्रॅव्हलरमधला दुसरा एल

गेल्या दसऱ्याला एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "बाई, पोरानं गाड्या घेतल्यात. भाड्यानं फिरवणार आहे. फीत तुम्हीच कापायची, नाही म्हणायचं नाही." तो स्वतः एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला. कऱ्हाडजवळच्या ज्या गावात मी पस्तीस वर्षं शिकवलं, त्याच गावचा. त्याचं नाव इथे सांगत नाही. का ते पुढे कळेलच.

गेले. दोन टेम्पो ट्रॅव्हलर, त्यांना झेंडूच्या माळा, चाकाखाली लिंबं, पेढ्यांचे खोके... सगळं साग्रसंगीत. छोट्याशा ऑफिसवर चकचकीत फ्लेक्सचा बोर्ड होता. मी तो वाचते आहे हे पाहून याला स्फुरण चढलं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगू लागला, "बाई, हा फ्लेक्सवाला पोरगा ट्रॅव्हलर्समध्ये एकच एल टाकत होता. म्हणे दोन टाकले की कॉम्प्युटरवर खाली लाल रेघ येते. मी म्हटलं, येऊ दे रेघ. आमच्या बाईंनी पट्टी मारून शिकवलंय, दोन एल म्हणजे दोन एल! आणि गाडीच्या मागं बघ की, कंपनीनं पण दोनच टाकलेत."

सगळे हसले. मीही हसले. हातातला पेढा मात्र तसाच राहिला, कारण ती पट्टी मला चांगलीच आठवत होती.

साल १९७९. मी इतिहास आणि मराठी घेऊन बी.ए. झालेली, तेही मराठी माध्यमातून. इंग्रजी शिकवण्यासाठी माझी नेमणूक झालेलीच नव्हती. पण इंग्रजीचे सर दुसऱ्या शाळेत गेले आणि मुख्याध्यापकांनी तो विषय माझ्या गळ्यात घातला. रात्री तर्खडकरांची भाषांतर पाठमाला उघडून बसायचं, दुसऱ्या दिवशीचा धडा घोटायचा आणि सकाळी वर्गात ठामपणे उभं राहायचं, असं माझं चाललेलं. मुलं पाचवीत ए-बी-सी-डी शिकून आलेली. त्यांच्या आणि माझ्या इंग्रजीत फार तर एका धड्याचं अंतर असे!

अशा शिक्षकाला नियम फार आवडतात. उच्चाराची खात्री नसते, अर्थाच्या छटा ठाऊक नसतात, पण नियम वहीत उतरवून देता येतो आणि त्यावर मार्क कापता येतात. शब्दाला प्रत्यय लागताना स्पेलिंग कसं बदलतं याचे तीन नियम मी फळ्यावर लिहून द्यायची. एक, शब्दाच्या शेवटी मुका 'ई' असेल आणि प्रत्यय स्वरानं सुरू होत असेल, तर तो 'ई' गाळा. दोन, शेवटी 'वाय' असेल आणि त्याच्या आधी व्यंजन असेल, तर 'वाय'चा 'आय' करा. तीन, शेवटी एकच स्वर आणि त्यापुढे एकच व्यंजन असेल, आणि बोलताना शब्दाच्या शेवटच्या भागावर जोर येत असेल, तर स्वरानं सुरू होणाऱ्या प्रत्ययाआधी ते व्यंजन दोनदा लिहा. म्हणून 'बिगिनिंग'मध्ये मधले 'एन' दोन, पण 'ओपनिंग'मध्ये एकच. 'ॲडमिटेड'मध्ये 'टी' दोन, पण 'व्हिजिटेड'मध्ये एकच.

नववीच्या चाचणी परीक्षेत या मुलानं 'ट्रॅव्हलर' एका 'एल'नं लिहिला. मी अर्धा मार्क कापला. पेपर हातात पडल्यावर तो उठून म्हणाला, "बाई, ट्रॅव्हलमध्ये जोर पहिल्या भागावर येतो. मग तुमच्या तिसऱ्या नियमानं एकच एल पाहिजे ना?"

वर्ग गप्प. मीही गप्प. मी पुस्तकात दोन 'एल' छापलेले पाहिले होते, एवढीच माझी पुंजी. "पुस्तकात आहे तसं लिहायचं," असं म्हणून विषय मिटवला. दुसऱ्या दिवशी हा वाचनालयातून 'स्पॅन'चा जुना अंक घेऊन हजर! दिल्लीच्या अमेरिकन वकिलातीचं ते गुळगुळीत कागदाचं मासिक तेव्हा आमच्या वाचनालयात यायचं. त्यातला एका 'एल'चा 'ट्रॅव्हलर' त्यानं पेन्सिलनं अधोरेखित करून आणला होता. चाळीस मुलं माझ्याकडे बघत होती. "छपाईची चूक असेल," मी म्हणाले, "आणि वाचनालयाच्या अंकावर पेन्सिल ओढतोस? हात पुढे कर."

दोन पट्ट्या. त्यानंतर वर्षभर त्यानं माझ्या तासाला एकही प्रश्न विचारला नाही.

निवृत्त झाल्यावर हाताशी वेळ आला, घरात इंटरनेट आलं, आणि आयुष्यभर जे नियम फळ्यावर लिहिले ते मुळात आले कुठून हे शोधायची ओढ लागली. शेवटी मी इतिहासाची विद्यार्थिनी! राजांच्या सनावळ्या शिकवल्या, पण नियमांनाही सनावळ्या असतात हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. जे हाती लागलं ते तुम्हालाही सांगते.

आधी तो मुका 'ई'. इंग्रजीत 'नेम' म्हणजे नाव. शेवटचा 'ई' उच्चारायचा नाही, मग लिहायचा कशाला, हा प्रश्न पाचवीतलं प्रत्येक पोर विचारतं. उत्तर असं की एके काळी तो उच्चारत असत. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द 'नमा' असा होता, दोन अक्षरांचा. पुढे शेवटचा 'आ' घासून पुसट झाला आणि पहिल्या अक्षरातला स्वर लांबला. मग शेवटचा पुसट आवाजही गेला आणि उरलं जवळजवळ आपलं 'नाम'! यात नवल नाही, संस्कृत 'नामन्' आणि इंग्रजी 'नेम' एकाच मूळ घराण्यातले आहेत. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतल्या दीर्घ स्वरांचे उच्चारच सरकले आणि 'नाम'चं 'नेम' झालं. आवाज गेला, पण अक्षर मागे राहिलं. रिकाम्या राहिलेल्या त्या 'ई'ला लोकांनी नवं काम दिलं : स्वतः गप्प बसायचं आणि आधीचा स्वर लांब आहे एवढी खूण करायची.

हे कळल्यावर पहिला नियम सोपा होतो. 'नेमिंग' लिहिताना 'ई' का गाळायचा? तर प्रत्ययातला 'आय' हा स्वरच आहे, तो खुणेचं काम आपोआप करतो. दुसऱ्या रखवालदाराची गरज उरत नाही. आणि 'नोटिसेबल', 'चेंजेबल' यांत 'ई' का ठेवायचा? तर तिथे त्याच्याकडे आणखी एक काम आहे. तो गेला तर 'सी'चा 'क' आणि 'जी'चा 'ग' होईल. मी हे दोन शब्द 'अपवाद' या मथळ्याखाली पाठ करून घेत असे. ते अपवाद नव्हतेच!

आता व्यंजन दोनदा लिहिण्याचा नियम. जुन्या इंग्रजीत दोनदा लिहिलेलं व्यंजन खरोखरच दाबून उच्चारत, आपण 'पक्का' किंवा 'सत्ता' म्हणतो तसं. 'सुनु' म्हणजे मुलगा आणि 'सुन्ने' म्हणजे सूर्य. फरक त्या एका 'न'च्या दाबाचा. 'होपियन' म्हणजे आशा धरणं, 'होप्पियन' म्हणजे उड्या मारणं. म्हणजे 'होपिंग' आणि 'हॉपिंग' यांत एक 'पी' की दोन, हा जो गोंधळ आमच्या नववीच्या वह्यांत असे, त्याचं मूळ हजार वर्षांपूर्वीचं आहे. पुढे इंग्रज ते व्यंजन दाबून म्हणेनासे झाले. पण लिहिण्यातली जोडी राहिली आणि तिलाही नवं काम मिळालं : आधीचा स्वर आखूड आहे हे सांगायचं.

आपल्याकडेही असंच काहीसं झालेलं आहे. संस्कृत 'सप्त'चं प्राकृतात 'सत्त' झालं आणि मराठीत 'सात'. 'कर्म'चं 'कम्म' आणि मग 'काम'. जोड सुटली की आधीचा स्वर लांबतो. आपण जोड सोडली तेव्हा लिहिणंही बदललं. इंग्रजांनी आवाज सोडला, लिहिणं धरून ठेवलं. एवढाच काय तो फरक.

या जोडीचा पहिला मोठा भक्त होता ऑर्म नावाचा एक साधू. बाराव्या शतकात इंग्लंडमध्ये तो मठात राहत असे. चर्चमध्ये लॅटिन न कळणाऱ्या साध्या लोकांना बायबलमधला मजकूर त्यांच्या भाषेत वाचून दाखवता यावा, म्हणून वॉल्टर या भावाच्या सांगण्यावरून त्यानं पद्यात एक मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या आज सुमारे १९ हजार ओळी उरल्या आहेत. ग्रंथाला नावही स्वतःचंच दिलं, 'ऑर्म्युलम'. वाचणाऱ्याची जीभ अडखळू नये म्हणून व्यंजनानं संपणाऱ्या अक्षरात आखूड स्वर आला की तो पुढचं व्यंजन न चुकता दोनदा लिही. आणि नकला करणाऱ्यांना त्यानं बजावून ठेवलं, की मी जिथे अक्षर दोनदा लिहिलं आहे तिथे तुम्हीही दोनदाच लिहा. बिचाऱ्याचं कोणी ऐकलं नाही, कारण नक्कलच कोणी केली नाही! त्याच्या ग्रंथाची एकुलती एक हस्तलिखित प्रत ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. चामड्याच्या ओबडधोबड तुकड्यांवर लिहिलेली, आणि बहुधा त्याच्याच हातची.

ऑर्मबद्दल वाचताना मी बराच वेळ थांबले. दुसरं अक्षर त्यानं लिहिलं ते वाचणाऱ्याच्या सोयीसाठी. त्याच दुसऱ्या अक्षरासाठी मी पट्टी उचलली होती.

'वाय'चा 'आय' करण्याच्या नियमाची तर गंमतच आहे. पूर्वी ही दोन अक्षरं एकमेकांच्या जागी सर्रास वापरत. शेक्सपिअरच्या काळातल्या छापील पुस्तकांत 'सिटी' आणि 'हॅपी' यांच्या शेवटी 'आय ई' सापडतं. पुढे हळूहळू रिवाज पडला, की शब्दाच्या टोकाला 'वाय' आणि पोटात 'आय'. म्हणजे 'हॅपिनेस' लिहिताना आपण 'वाय'चा 'आय' करत नाही. टोक सरकून पुढे गेलं, एवढंच! आणि 'कॅरिंग'मध्ये 'वाय' का राहतो, तर तिथे दोन 'आय' शेजारीशेजारी आले असते, ते इंग्रजांच्या डोळ्याला खपत नाही.

मग हे रिवाज नियम कधी झाले? कॅक्स्टननं १४७६ साली वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना घातला. पण छपाई आली म्हणून स्पेलिंग एकदम ताळ्यावर आलं असं झालं नाही. एकाच पानावर एकच शब्द दोन तऱ्हांनी छापलेला सापडे. त्याला शिस्त लावायला पुढे आले ते राजे नव्हेत, पंडितही नव्हेत... शाळामास्तर! रिचर्ड मल्कास्टर हा लंडनच्या मर्चंट टेलर्स शाळेचा पहिला मुख्याध्यापक. कवी एडमंड स्पेन्सर त्याचा विद्यार्थी. १५८२ साली त्यानं 'एलिमेंटरी' नावाचं पुस्तक काढलं आणि आठ हजारांहून अधिक शब्दांची स्पेलिंगं यादी करून दिली. शेवटचा 'ई' स्वतः न बोलता आधीच्या स्वराला वळण लावतो, हे त्यानं नीट मांडलं. उच्चाराप्रमाणे सगळं स्पेलिंग नव्यानं बांधावं म्हणणारे लोक तेव्हाही होते. मल्कास्टरचं म्हणणं, की लोकांच्या हाताला जे वळण पडलं आहे ते मोडू नका, त्यातली संगती शोधा.

त्यानंतर १५९६ साली एडमंड कूट या दुसऱ्या मास्तरानं 'इंग्लिश स्कूलमास्टर' हे पुस्तक लिहिलं. पुढे शंभरहून अधिक वर्षं ते छापलं जात होतं. मला भावली ती त्याची प्रस्तावना. त्यानं पुस्तक विद्वानांसाठी लिहिलेलंच नाही. शिंपी, विणकर, दुकानदार असे लोक आपला धंदा सांभाळून पोरांना अक्षरओळख करून देत, त्यांच्यासाठी लिहिलं. स्वतःला पुरतं येत नसताना दुसऱ्याला शिकवायची वेळ ज्यांच्यावर आली आहे, त्यांच्या हाताला धरायला एक काठी. चारशे वर्षांनंतर कऱ्हाडजवळ तर्खडकर उघडून बसलेली मी त्याच विणकरांच्या ओळीतली, नाही का?

१७५५ साली डॉ. जॉन्सनचा सुप्रसिद्ध शब्दकोश आला. सुमारे ४२ हजार शब्दांचा. त्यातलं स्पेलिंग पुढे प्रमाण मानलं गेलं. पण एवढ्या थोर माणसालाही सगळं जमलं असं समजू नका. 'मूव्हेबल'मध्ये त्यानं 'ई' ठेवला, 'इमूव्हेबल'मध्ये गाळला. 'अपहिल'ला दोन 'एल' दिले, 'डाउनहिल'ला एक! माझ्या वर्गात असते तर अर्धा मार्क गेला असता डॉक्टरसाहेबांचा. 'ट्रॅव्हलर'ला मात्र त्यानं दोन 'एल' दिले.

मी फळ्यावर लिहून देत असे तशा पक्क्या नियमांच्या रूपात हे सगळं आलं ते त्यानंतर. जॉन वॉकर नावाचा एक नट रंगभूमी सोडून उच्चारशास्त्र शिकवू लागला होता. त्यानं स्पेलिंगची सूत्रं मांडली. त्यापाठोपाठ १७९५ साली लिंडली मरेचं इंग्रजी व्याकरण आलं. मरे मूळचा अमेरिकेतला वकील. तब्येतीसाठी इंग्लंडात यॉर्कजवळ येऊन राहिलेला. तिथल्या मुलींच्या एका शाळेतल्या शिक्षिकांनी आग्रह केला म्हणून त्यानं हे पुस्तक लिहिलं. पुढे त्याच्या लाखो प्रती खपल्या. एकच स्वर, एकच व्यंजन, शेवटी जोर, तर व्यंजन दोनदा... हा माझा तिसरा नियम त्यात जवळजवळ जसाच्या तसा आहे. मुलींच्या शाळेतल्या बाईंसाठी लिहिलेलं वाक्य, पावणेदोनशे-दोनशे वर्षांनी दुसऱ्या एका बाईंनी सह्याद्रीच्या पायथ्याशी फळ्यावर लिहिलं. ते ऐकून एका मुलानं प्रश्न विचारला. आणि तो प्रश्न नवा नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

तो प्रश्न नोआ वेबस्टरनंही विचारला होता.

वेबस्टर हाही मास्तरच. अमेरिका इंग्लंडपासून नुकतीच सुटत होती. त्या दिवसांत न्यूयॉर्क राज्यातल्या गोशेन गावी शिकवता शिकवता त्यानं मुलांसाठी स्पेलिंगचं पुस्तक तयार केलं. १७८३ साली ते निघालं. निळ्या पुठ्ठ्याच्या त्या पुस्तकावर अमेरिकेच्या पिढ्या शिकल्या. पुढे १८२८ साली, वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यानं ७० हजार शब्दांचा शब्दकोश पुरा केला. (या वयात मला पूर्ण पान लिहायचं म्हटलं तरी कंबर बोलते!) त्याचं म्हणणं साधं होतं. नियम असा आहे ना, की शेवटच्या भागावर जोर असेल तरच व्यंजन दोनदा लिहायचं? मग 'ट्रॅव्हल'मध्ये जोर पहिल्या भागावर असताना 'ट्रॅव्हलर'ला दोन 'एल' कशाला? 'व्हिजिटर'ला दोन 'टी' देत नाही, 'ओपनर'ला दोन 'एन' देत नाही, मग 'एल'नंच असं काय पुण्य केलं आहे?

त्याच्या सगळ्याच सूचना चालल्या असं नाही. 'टंग', म्हणजे जीभ, हा शब्द 'टी यू एन जी' असा लिहावा म्हणून त्यानं जिवाचं रान केलं, पण खुद्द अमेरिकेनंही तो नाकारला. दुसरा 'एल' मात्र तिथे गळाला तो गळालाच. इंग्लंडनं ठेवला. बाकी व्यंजनांना जोराचा नियम लावायचा, पण शेवटी 'एल' असला की जोर बघायचा नाही, असा तिकडचा रिवाज. त्याला तर्क नाही, सवय आहे. आणि अमेरिकेतलंही सगळं तर्कानं चालतं असं कुठे आहे? तिथेसुद्धा 'किडनॅपिंग'मध्ये दोन 'पी' लिहितात, जोर पहिल्या भागावर असूनही.

आपल्याकडे शाळा आल्या, विद्यापीठं आली ती इंग्लंडच्या राज्यात. म्हणून आपल्या पुस्तकात दोन 'एल'. लंडनऐवजी बोस्टनहून राज्य चाललं असतं तर एकच असता, आणि मी दोन 'एल' लिहिणाऱ्याला पट्टी मारली असती.

म्हणजे बघा. नववीतला एक मुलगा, ज्याच्या घरात इंग्रजी पुस्तक तर सोडाच, रोजचं वर्तमानपत्रही येत नव्हतं, तो शिकवलेल्या नियमावरून पुढे विचार करत नेमका तिथे पोचला जिथे वेबस्टर १८२८ साली पोचला होता. वर छापील पुरावाही घेऊन आला. शिक्षकाच्या आयुष्यात असा दिवस क्वचित येतो. माझ्या आयुष्यात तो आला, आणि मी काय केलं ते वर लिहिलंच आहे.

मला माहीत नव्हतं, ही सबब मी स्वतःला बरेच दिवस देऊन पाहिली. पण माहीत नसणं हा गुन्हा नव्हताच. "तुझा प्रश्न बरोबर आहे, मला उत्तर माहीत नाही, बघून सांगते," एवढं एक वाक्य म्हणायला हवं होतं. ते जड गेलं. ज्याची स्वतःच्या पायाखालची जमीन पक्की नसते, तो नियमाला जास्त घट्ट धरतो.

आणि नियम बदलतात हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. १९६२ साली शासनानं मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम मान्य केले तेव्हा मी शाळेतच होते. (१९७२ मध्ये त्यांत आणखी ४ घातले.) मराठीतही प्रत्यय लागला की शब्दाचं रूप बदलतं. 'गरीब'चं 'गरिबाला', 'फूल'चं 'फुलाला', पण 'शरीर'चं 'शरीराला', दीर्घच, कारण तो शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलेला. त्याच सुमारास न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. माझे वडील मात्र शेवटपर्यंत 'नाहीं', 'कांहीं', 'घरांत' असंच लिहीत राहिले. त्यांची पत्रं माझ्या ट्रंकेत आहेत. त्यांतला एकही अनुस्वार मला कधी चूक वाटला नाही. वडिलांना जी सवलत दिली ती एका चौदा वर्षांच्या मुलाला द्यायला काय हरकत होती?

असो. नियम नकोत असं माझं म्हणणं नाही. पोरांना धरायला कठडा लागतोच. ऑर्म, मल्कास्टर, कूट, मरे, सगळ्यांनी तो कठडा वाचणाऱ्याचा तोल जाऊ नये म्हणून बांधला. त्याच कठड्याचं लाकूड काढून मी पट्टी केली, एवढंच मला सलतं.

दिवाळीत हा फराळाचा डबा घेऊन घरी आला. म्हटलं आता सांगून टाकावं. "अरे, तुझं तेव्हा बरोबर होतं."

"कशाचं बाई?"

"ट्रॅव्हलरचं. एक एल."

त्याचा चेहरा एकदम उतरला. "म्हणजे बोर्ड चुकला? पैसे देऊन बसलोय की हो सगळे!"

"बोर्ड बरोबर आहे. तूही बरोबर होतास. दोन्ही चालतं. चुकले ती मी."

मग त्याला वेबस्टरची सगळी गोष्ट सांगितली. त्यानं ती नीट ऐकून घेतली, अगदी नववीत ऐकायचा तशी. शेवटी संकोचून म्हणाला, "असू द्या हो बाई. पट्टीचं काय एवढं, घरी त्याहून जास्त पडायची."

"पट्टीचं नाही रे नुसतं. तू विचारायचंच बंद केलंस."

यावर तो काही बोलला नाही. चकलीचा तुकडा मोडत बसला. मग म्हणाला, "विचारायची सवय तशी मोडलीच. एस.टी.त कुठं कोण विचारू देतं?" आणि निघताना, चपला घालता घालता, हसून, "मग बाई, तो अर्धा मार्क?"

तो पेपर आता नाही, ती मार्कांची वहीही नाही. म्हणून इथेच लिहून ठेवते. इयत्ता नववी, चाचणी परीक्षा, १९७९. 'ट्रॅव्हलर', एक 'एल'. बरोबर. अर्धा मार्क दिला.